पॉइंट गार्ड राखायचा की सोडायचा?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन पत्रं पॉइंट गार्डबद्दलचीच, म्हणजे बास्केटबॉलमध्ये चेंडू पुढे आणून खेळ चालवणाऱ्या खेळाडूबद्दलचीच निघाली. एक वडगावातून, अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगबद्दल. दुसरं निपाणीच्या एका क्लबचं. तिसरं चिकोडीच्या एका आईचं. तिन्ही इथे घेते. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण त्यात सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि बाकीच्या दोघांनाही त्यातलं काही उपयोगी पडेल.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी वडगावात राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लुका डॉनचिचमुळे डॅलस मॅव्हेरिक्सचा चाहता झालो. माझ्या मामांचे यंत्रमाग आहेत. माग सुरू व्हायच्या आधी, पहाटे साडेपाचला आम्ही दोघं मोबाइलवर मॅच बघतो. 2022 मध्ये जेलन ब्रन्सन डॅलस सोडून न्यूयॉर्कला गेला तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. मामा म्हणतात, "माग इकत मिळतोय, इणणारा मिळत नाही. हातातला माणूस सोडायचा नसतोय." माझं म्हणणं, सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, असताना सगळ्यांना राखता येत नाही. करार संपत आला की ट्रेड करून बदल्यात काहीतरी घ्यावं. मग 2025 मध्ये लुकालाच ट्रेड केलं आणि मला बोलायला जागा उरली नाही. करार संपत आलेल्या पॉइंट गार्डला संघाने राखावं की ट्रेड करावं? आणि हे ठरवायचं कशावरून?

उत्तर : माझं मत तुझ्या मामांना. चांगला पॉइंट गार्ड हाती असेल तर तो राखावा. सोडायचाच असेल तर करार संपायच्या वर्षभर आधी, दुसरा तयार ठेवून सोडावा. शेवटच्या महिन्यात जागं होऊन काही साधत नाही, आणि डॅलसचं नेमकं तेच झालं.

ब्रन्सनचं प्रकरण क्रमाने बघ. 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तो दुसऱ्या फेरीत, 33 व्या क्रमांकावर निवडला गेला. चार वर्षांचा करार, सगळे मिळून साधारण 60 लाख डॉलर. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पहिला करार संपला की दुसऱ्या संघाने लावलेली बोली तेवढ्याच पैशांत आपल्याकडे वळवून घ्यायचा हक्क जुन्या संघाला असतो. ब्रन्सनची चार वर्षं भरल्यावर डॅलसकडे तो हक्क राहणार नव्हता. तो 2022 च्या उन्हाळ्यात पूर्ण मोकळा होणार, हे करार केला त्याच दिवशी कागदावर होतं. त्याआधीच्या हंगामात नियमाप्रमाणे त्याला चार वर्षांची, साधारण साडेपाच कोटी डॉलरची मुदतवाढ देता येत होती. ती वेळेत झाली नाही.

मग एप्रिल 2022 आला. लुकाची पोटरी दुखावली होती, प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, यूटाविरुद्धचे पहिले तीन सामने तो बाहेर होता. दुसऱ्या सामन्यात ब्रन्सनने 41 गुण केले आणि संघाला जिंकून दिलं. सगळे त्या 41 बद्दल बोलतात. त्याच सामन्यात त्याने एकदाही चेंडू गमावला नाही, शून्य टर्नओव्हर. प्लेऑफचा सामना, संघाचा मुख्य खेळाडू बाकावर, सगळा बचाव याच्यावर तुटून पडलेला, आणि चेंडू हातून एकदाही निसटला नाही. मी मुलींना बास्केटबॉल शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षं घालवली, स्वतः याच जागेवर खेळले. मला विचारशील तर त्या रात्रीचा खरा आकडा शून्य आहे.

डॅलस त्या वर्षी वेस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या पश्चिम गटाच्या, फायनलपर्यंत गेलं. जुलैत ब्रन्सन न्यूयॉर्क निक्सकडे गेला, चार वर्षांसाठी 10.4 कोटी डॉलरवर. साडेपाच कोटींत बसणारा माणूस वर्षाच्या आत जवळजवळ दुप्पट महाग झाला, आणि डॅलसच्या पदरात बदल्यात काहीही पडलं नाही. 52 सामने जिंकलेला संघ पुढच्या हंगामात 38 वर आला, प्लेऑफला मुकला. मधल्या काळात चेंडू हाताळणारा दुसरा माणूस हवा म्हणून कायरी अर्व्हिंगला आणावं लागलं आणि त्यासाठी दोन नेहमीचे खेळाडू आणि 2029 ची पहिल्या फेरीची निवड द्यावी लागली. म्हणजे ब्रन्सनचे पैसे वाचले असं म्हणायलाही जागा नाही.

इथे तुझ्या सॅलरी कॅपच्या मुद्द्याकडे येते. कॅपमुळे माणूस राखता येत नाही, असं तू लिहिलंस. एनबीएचा नियम बराचसा उलटा आहे. संघाकडे तीन वर्षं राहिलेला खेळाडू संघाला कॅप ओलांडूनही राखता येतो. लॅरी बर्डच्या नावावरून याला बर्ड राइट्स म्हणतात. बाहेरचा माणूस आणायला मात्र कॅपखाली जागा लागते. ज्या संघाचा पगार आधीच कॅपच्या वर आहे त्याने आपला पॉइंट गार्ड सोडला, तर त्याचा पगार दुसऱ्या कुणाला द्यायला हातात येत नाही. माणूसही जातो आणि ती जागाही जाते. मामांना हा नियम ठाऊक नसेल, पण विणणारा गेला तर त्याच्या मजुरीत दुसरा मिळेलच असं नाही, हे त्यांनी वडगावात रोज पाहिलेलं आहे.

लीग आणि खेळाडूंमधल्या 2023 च्या नव्या करारनाम्यापासून एक अडसर वाढला, तोही धरला पाहिजे. 2025-26 च्या हंगामाची कॅप 15.46 कोटी डॉलर. त्याच्या बऱ्याच वर, 20.78 कोटींवर, आणखी एक रेषा आहे, तिला सेकंड एप्रन म्हणतात. ती ओलांडणाऱ्या संघाला ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, रोख रक्कम देता येत नाही, आणखीही बरीच दारं बंद होतात. दहा वर्षं खेळलेल्या खेळाडूला कॅपच्या 35 टक्क्यांपर्यंत पगार मिळू शकतो, म्हणजे 2025-26 च्या हिशेबाने 5.4 कोटी डॉलर. एकालाच एवढे दिले की बाकावरचे सात-आठ जण किमान पगारावरचे घ्यावे लागतात. म्हणून "राखा" म्हणताना "कितीला राखा" हे त्यातच आलं.

डॅलसने ही चूक पहिल्यांदा केली असं समजू नकोस. 2004 मध्ये त्यांच्याकडे स्टीव्ह नॅश होता. तिशीला पोचलेला, पाठीचं दुखणं असलेला. फीनिक्सने त्याला सहा वर्षांचा करार देऊ केला, डॅलसने तितकी बोली लावली नाही. त्यांचा हिशेब वरवर पाहता शहाणपणाचा होता. तिशीनंतर गार्डचे पाय जातात हे आपण सगळे शिकलोय. पण आदल्या हंगामात 29 सामने जिंकलेलं फीनिक्स नॅश आल्यावर 62 जिंकलं, आणि 2005 व 2006 असे लागोपाठ दोन एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार नॅशला मिळाले. 2005 च्या प्लेऑफमध्ये त्याने डॅलसलाच बाहेर काढलं.

डॅलसची बाजूही सांगते, कारण ती सांगितली नाही तर मामांचा विजय फुकटचा होईल. नॅश गेला तरी त्यांच्याकडे डेव्हिन हॅरिस आणि जेसन टेरी होते. 2006 मध्ये त्यांनी नॅशच्या फीनिक्सला हरवून फायनल गाठली. नॅशला मात्र फायनल कधीच खेळायला मिळाली नाही. मुख्य पॉइंट गार्ड गेल्यावर दुसऱ्या दिवशी चेंडू पुढे कोण आणणार, या प्रश्नाला त्या वेळी डॅलसकडे उत्तर होतं. 2022 मध्ये नव्हतं. लुका होता, पण लुकाला चार मिनिटं बसवायची म्हटली की त्या चार मिनिटांचा तितका भरवशाचा माणूस नव्हता.

आणि जेसन किड. 1994 ला डॅलसनेच निवडलेला, 1996 च्या डिसेंबरमध्ये ट्रेड करून फीनिक्सला पाठवलेला. फीनिक्सने 2001 मध्ये त्याला न्यू जर्सीला पाठवलं, तर तो संघ 2002 आणि 2003 असा लागोपाठ दोनदा फायनलला. 2008 मध्ये डॅलसने त्याला परत आणलं, त्यासाठी डेव्हिन हॅरिससारखा तरुण गार्ड द्यावा लागला. 2011 ला डॅलसने आपलं पहिलं विजेतेपद जिंकलं तेव्हा पॉइंट गार्ड होता 38 वर्षांचा किड. तोवर त्याच्या पायांत वेग उरला नव्हता. पण चेंडू कुणाच्या हातात, कोणत्या क्षणी द्यायचा हे कळायला वेग लागत नाही. तिशीनंतरचा करार देताना मी हेच आधी बघते की हा माणूस पायांवर खेळतो की नजरेवर.

पायांवर खेळणाऱ्याचं काय होतं याचं सगळ्यात दुखरं उदाहरण जॉन वॉल. 2017 मध्ये वॉशिंग्टनने त्याला चार वर्षांची 17 कोटी डॉलरची मुदतवाढ दिली, ती लागू होणार होती 2019-20 पासून. त्याआधीच टाचेची शस्त्रक्रिया झाली, मग घरात घसरून पडून अकिलीसची शीर तुटली. त्या नव्या करारातला एकही सामना तो वॉशिंग्टनसाठी खेळू शकला नाही. 2020 च्या डिसेंबरमध्ये त्याला ह्यूस्टनला पाठवलं. वॉलचा दोष नव्हता. उघड्या मैदानात चेंडू घेऊन त्याच्याइतका सुसाट धावणारे त्या काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पण एवढा पैसा इतक्या आधी, फक्त वेगावर लावायचा नसतो. डेमियन लिलार्डचंही तसंच. 2025 च्या एप्रिलमध्ये त्याची अकिलीस तुटली, मिलवॉकीने त्याला मोकळं केलं आणि उरलेला सुमारे 11.3 कोटी डॉलर पगार पाच वर्षांवर पसरून द्यायचं ठरवलं. वर्षाला 2.25 कोटींच्या आसपास, संघात नसलेल्या माणसासाठी.

दुखापत म्हटली की लगेच सोडा, असं मात्र म्हणू नकोस. गोल्डन स्टेटने 2012 च्या मार्चमध्ये दोन गार्डपैकी मॉन्टा एलिसला ट्रेड केलं आणि स्टीफन करीला ठेवलं. एलिस गर्दीचा लाडका, तर करीचा घोटा सारखा दुखावत होता, त्या हंगामात तो 26 सामनेच खेळला. काही दिवसांनी भर मैदानात संघमालक बोलायला उभे राहिले तर प्रेक्षकांनी त्यांना हुर्यो करून बोलू दिलं नाही. त्याच वर्षी करीशी चार वर्षांचा 4.4 कोटी डॉलरचा करार झाला. पुढची विजेतेपदं 2015, 2017, 2018 आणि 2022 ची. घोटा बरा होतो. हात आणि नजर विकत मिळत नाही.

आता ट्रेडबद्दल, कारण ट्रेड म्हणजे पापच असं मामांनीही मानू नये. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये एनबीएचे दोन संघ मुंबईत वरळीच्या डोममध्ये खेळले, सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. बेळगावातून काही मुलं रात्रीची बस धरून गेली होती, आल्यावर कितीतरी दिवस दुसरं काही बोलत नव्हती. पुढे 2022 च्या फेब्रुवारीत याच दोन संघांत सौदा झाला. सॅक्रामेंटोने टायरीज हॅलिबर्टन दिला, इंडियानाकडून डोमांटस साबोनिस घेतला. सॅक्रामेंटोकडे डी'आरन फॉक्सही होता. चेंडू एक आणि तो हातात हवा असलेले दोघं. एकाला जाऊ देण्यात चूक नव्हती, आणि पुढच्याच हंगामात, सलग 16 हंगाम मुकल्यावर, ते प्लेऑफला पोचले. पण जाऊ दिला तो कोण, हे बघ. हॅलिबर्टन बाकीच्या चौघांना गुण मिळवून देणारा. 2023-24 ला सामन्यामागे सर्वाधिक असिस्ट, म्हणजे सोबत्याला गुण मिळवून देणारे पास, त्याचे होते, 10.9. इंडियाना 2025 ला फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत गेलं. तिथे अकिलीस तुटून तो कोसळला. सॅक्रामेंटोने जो ठेवला होता तो फॉक्सही त्याच वर्षी फेब्रुवारीत सॅन अँटोनिओला गेला. दोन चांगले गार्ड असलेल्या संघाकडे तीन वर्षांत त्यातला एकही उरला नाही.

आणि पुरा तयार संघ मोडणारा ट्रेड म्हणजे डेट्रॉइटचा. चॉन्सी बिलप्स 2004 च्या फायनलचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच्यासह संघ सलग सहा वर्षं कॉन्फरन्स फायनलला, यातलं पहिलं 2003 चं. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये, हंगाम नुकताच सुरू झालेला असताना, त्याला डेन्व्हरला देऊन ॲलन आयव्हरसन घेतला. आयव्हरसनचा करार त्या वर्षी संपत होता, पगाराची जागा मोकळी होणार होती, हा हिशेब. डेन्व्हर बिलप्सला घेऊन कॉन्फरन्स फायनलला गेलं. डेट्रॉइट पहिल्याच फेरीत चारही सामने हरलं. त्यानंतर प्लेऑफमधला एक, फक्त एक सामना जिंकायला 2025 उजाडलं. सगळा दोष त्या एका सौद्याला देणार नाही, मोकळ्या पैशांचं पुढे काय केलं हेही त्यात आहे. पण जागा मोकळी करणं हा संघ बांधण्याचा उद्देश असू शकत नाही.

लुकाचं प्रकरण मी या वादातच धरत नाही. पंचविशीतला, आदल्या जूनमध्ये संघाला फायनलला नेलेला माणूस, करार शिल्लक असताना दिला आणि बदल्यात मुख्य म्हणून 31 वर्षांचा अँथनी डेव्हिस घेतला. डेव्हिस मोठा खेळाडू आहे, पण चेंडू वर आणणं हे त्याचं काम नाही. महिनाभरात अर्व्हिंगचा गुडघा गेला आणि डॅलसकडे खेळ चालवणाराच उरला नाही. तू आणि मामा, दोघांच्याही मताने हा सौदा चुकतो. त्यावर भांडू नका.

कशावरून ठरवायचं हे तू विचारलंस, ते मी कसं बघते ते लिहिते. गुणांचा तक्ता बाजूला ठेव. दुसऱ्या क्वार्टरची सुरुवात बघ, जेव्हा मुख्य पॉइंट गार्ड बाकावर असतो. वही घे. प्रत्येक वेळी चेंडू हाफ लाइनच्या पुढे कोणी आणला, आणि संघाने खरा डाव सुरू केला तेव्हा 24 सेकंदांच्या घड्याळात किती उरले होते, एवढं लिही. मुख्य माणूस असताना 17-18 उरत असतील आणि तो बसल्यावर 11-12, तर संघाचे पाच-सहा सेकंद त्याच्या एकट्याच्या हातात आहेत. शेवटच्या पाच-सात सेकंदांत घाईने मारलेले चेंडू मग आपोआप वाढतात. पाच-सहा सामने असं लिहून काढ. हे बघायला पैसे लागत नाहीत आणि कुठल्या वाहिनीवर कुणी सांगतही नाही. शिवाय त्याच्यासोबत खेळणारा उंच खेळाडू, म्हणजे सेंटर, बघ. चेंडू त्याला छातीशी, हात वर असताना मिळतो की गुडघ्याशी वाकून घ्यावा लागतो? चांगला गार्ड गेल्याचं पहिलं लक्षण मला नेहमी तिथे दिसलेलं आहे. सेंटर तोच, उंची तीच, पण चेंडू अर्धा फूट खाली यायला लागतो आणि त्याचे गुण निम्मे होतात.

ब्रन्सनने स्वतः जे केलं ते मामांना जरूर सांग. 2024 च्या जुलैत त्याने न्यूयॉर्कशी चार वर्षांची 15.65 कोटींची मुदतवाढ केली. एक वर्ष थांबला असता तर पाच वर्षांचे सुमारे 26.9 कोटी मागू शकला असता. संघाला बाकीचे चांगले लोक घेता यावेत म्हणून कमी घेतले. पुढच्याच हंगामात निक्स 2000 नंतर पहिल्यांदा कॉन्फरन्स फायनलला गेले. वेळेवर विचारलं, मान ठेवून विचारलं, तर माणूस पैशांतही सांभाळून घेतो. डॅलसला हेच, याहून किती तरी स्वस्तात, करता आलं असतं.

प्रश्न : आदरणीय बाई, आमचा निपाणीचा छोटा क्लब आहे, सिमेंटचं एकच कोर्ट. आमचा पॉइंट गार्ड 24 वर्षांचा, सध्या वडिलांच्या तंबाखूच्या वखारीत हिशेब बघतो. कोल्हापूरच्या एका क्लबने त्याला बोलावलं आहे, नोकरीही बघून देतो म्हणतात. आमच्या कमिटीत दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, आपण घडवला, आता ऐन वेळी सोडायचा नाही. अडवावं का?

उत्तर : अडवू नका. एनबीएच्या संघाकडे करार असतो, पगार असतो, बदल्यात दुसरा खेळाडू असतो. तुमच्याकडे यातलं काही नाही. तुम्ही त्याला सकाळचं कोर्ट दिलं, बूट दिले, वेळ दिला. त्याबद्दल तो ऋणी राहील, पण ऋणावर माणसाचं आयुष्य अडवून धरता येत नाही. आपल्या देशात बास्केटबॉलवर पोट भरायचं तर रेल्वे, सैन्यदल, ओएनजीसी, बँका अशा ठिकाणच्या नोकरीचाच आधार असतो. चोविशीत नोकरी आणि रोजचा चांगला सराव दोन्ही मिळत असेल तर उशीर करण्यात अर्थ नाही.

त्याच्याशी बसून दोन गोष्टी मात्र स्पष्ट बोला. एक, नोंदणी. निपाणीचा मुलगा बेळगाव जिल्ह्याचा, म्हणून आजवर कर्नाटकाकडून खेळला. कोल्हापूरकडून जिल्हा आणि राज्य पातळीवर खेळायचं तर नोंदणी महाराष्ट्रात जाईल, आणि त्यासाठी आधीच्या राज्य संघटनेचं ना-हरकत पत्र लागतं. हे पत्र हंगाम सुरू व्हायच्या आधी मागून ठेवा, नाहीतर मुलगा ना इकडचा ना तिकडचा होऊन वर्षभर बसतो. अशी बसलेली मुलं मी पाहिलेली आहेत, आणि एक वर्ष बसलेला गार्ड परत तसा होत नाही. जर्सी कुठल्या राज्याची हा आपल्या सीमाभागात घराघरातला विषय आहे, मलाही तो परका नाही. पण खेळाडूच्या बाबतीत मी आधी हे बघते की त्याला मैदानावर मिनिटं कुठे मिळणार. राज्याच्या निवडीसाठी बेंगळुरूला पाचशेहून जास्त किलोमीटर जाऊन परतणारा मुलगा आणि चाळीस किलोमीटरवर कोल्हापुरात रोज खेळणारा मुलगा, यात मी दुसऱ्याला धरते.

दुसरी गोष्ट, त्याच्या मागचा माणूस. तुमच्या पत्रात त्याच्या जागी कोण, याबद्दल एक ओळ नाही, आणि मला काळजी त्याचीच वाटली. क्लबमधली सोळा-सतरा वर्षांची दोन मुलं निवडा. हा जायच्या आधी जितके दिवस मिळतील तितके त्यांना त्याच्याबरोबर नाही, त्याच्या विरुद्ध खेळवा. त्याने त्यांच्यावर पूर्ण कोर्ट प्रेस करायची, म्हणजे कोर्टभर अंगावर जाऊन अडवायचं, त्यांनी आठ सेकंदांत चेंडू हाफ लाइनच्या पुढे आणायचा. पहिला आठवडा हरतील, चिडतील. एक जण तरी तयार होईलच. पावसाळ्यात कोर्टावर शेवाळ धरतं तेव्हा एखाद्या शाळेचा हॉल मागा, ड्रिबलला दहा बाय दहाची जागाही पुरते. कोल्हापूर लांब नाही, महिन्यातून एखादा रविवार येऊन मुलांना खेळवशील का, असं त्याला प्रेमाने विचारा. कमिटीने रागावून निरोप दिला तर तो रविवारही जाईल.

प्रश्न : बाई, माझी मुलगी नववीत आहे, उंची चार फूट दहा इंच. दोन वर्षं शाळेच्या संघात पॉइंट गार्ड आहे. यंदा बाहेरून एक उंच मुलगी आली आणि सरांनी तिला त्या जागी घेतलं. हिला बाकावर बसवलंय. तालुका स्पर्धा तोंडावर आहेत, आणि ही जेवत नाही. मी सरांशी बोलू का?

उत्तर : ताई, बोला, पण जागा मागायला नको. सरांना विचारा की उंच मुलगी चेंडू आणते तेव्हा विरुद्ध संघाने दोघींनी मिळून अडवलं तर काय होतं. ते एकदा सरावात करून बघा म्हणावं. उंच मुलीचा ड्रिबल जमिनीपासून लांब असतो, तो दाबाखाली लवकर सुटतो. तसं झालं तर सर स्वतःच तुमच्या मुलीला चेंडू देतील आणि त्या मुलीला तिच्या खऱ्या जागी, बास्केटजवळ नेतील. दोघी एकत्र खेळल्या तर संघाचं भलंच आहे.

मुलीला मगसी बोग्सबद्दल सांगा. उंची पाच फूट तीन इंच, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात बुटका खेळाडू. वॉशिंग्टनने 1987 ला घेतला आणि वर्षभरात सोडून दिला. 1988 ला नव्यानेच उभ्या राहिलेल्या शार्लटने त्याला उचललं. तिथे त्याने साडेपाच हजारांहून जास्त असिस्ट दिले, एकूण 14 हंगाम खेळला.

तोवर घरी रोज अर्धा तास डाव्या हाताने ड्रिबल, मान वर ठेवून. तुम्ही समोर उभं राहून बोटं दाखवा, तिने चेंडूकडे न बघता किती ते सांगायचं. आधी जेवण, मग ड्रिबल. दोन आठवड्यांनी डावा हात कितपत आला ते मला लिहून कळवा, मग पुढचं सांगते.